ट्रकवर सीबी रेडिओचा अँटेना बसवायचा आणि जुळवायचा कसा

पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्कीचं पातं घेऊन चढणारा ट्रेलर ज्यांनी पाहिलाय, त्यांना रेडिओ कशाला हवा हे सांगावं लागत नाही. पुढे पायलट गाडी, मध्ये ते लांबलचक पातं, मागे आणखी एक गाडी. वळणावर हॉर्समध्ये, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीत बसलेल्या ड्रायव्हरला स्वतःच्याच ट्रेलरचं शेपूट दिसत नाही. मोबाइलला रेंज असली तरी नंबर लावून समोरचा उचलेपर्यंत पातं दरडीला टेकलेलं असतं. रेडिओचं बटण दाबलं की "थांबा" एवढा एकच शब्द पुरतो, आणि तो सगळ्यांना एकदम ऐकू जातो. कुंभार्ली घाटात धुक्यात ताफ्यानं उतरणाऱ्या गाड्यांचंही तसंच.

मी कराडजवळ हायवेला जड गाड्यांचं वायरिंग करतो. सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, हा गाडीतून गाडीशी थेट बोलायचा रेडिओ. त्याचे सेट आपल्याकडे फार नाहीत, त्यामुळे ते बसवायला शिकवणारं माणूसही सहसा भेटत नाही. नवीन मुलं परदेशी व्हिडिओ बघून अँटेना लावतात आणि मग "अर्ध्या किलोमीटरवरच आवाज तुटतो" म्हणत येतात. त्या व्हिडिओत सांगितलेलं बरंचसं बरोबर असतं, पण आपल्या गाड्या, आपली बॅटरी आणि आपला नियम तिथे नसतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. अँटेना म्हणून तुम्ही जी काठी विकत आणता, तो अर्धाच अँटेना असतो. उरलेला अर्धा म्हणजे तुमच्या गाडीचं लोखंड. काठी कितीही महागाची घ्या, तिच्या बुडाशी गाडीचं लोखंड नीट जोडलेलं नसेल तर रेडिओ मुकाच राहणार. माझ्याकडे आलेल्या खराब जोडण्यांपैकी बहुतेकांचं मूळ इथंच निघालं.

सेट घेण्याआधी

आपल्याकडे २००५ पासून २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॅटपर्यंत लायसन्सशिवाय वापरता येतो. पण लायसन्स नको याचा अर्थ कुठलाही सेट चालतो असा नाही. सेटला केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची, म्हणजे डब्ल्यूपीसीची उपकरण-मंजुरी लागते. ती आणि तिच्यासोबतच्या अटी, बाहेरच्या अँटेनाबद्दलच्या अटींसकट, विकणाऱ्याकडून कागदावर घ्या. पॉवर वाढवणारा डबा कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. ऑनलाइन मिळणारे पोलिसांसारखे दिसणारे व्हीएचएफ वॉकीटॉकी हा वेगळाच प्रकार आहे, त्यांना लायसन्स लागतं.

आता एक बारकावा, जो परदेशी व्हिडिओत कधीच सापडणार नाही. अमेरिकन सेटवर ४० चॅनेल असतात, २६.९६५ पासून २७.४०५ मेगाहर्ट्झपर्यंत. आपला पट्टा २७.२८३ ला संपतो. चॅनेल २७ आहे २७.२७५ वर, म्हणजे आत. चॅनेल २८ आहे २७.२८५ वर, म्हणजे बाहेर. थोडक्यात, ४० चॅनेलचा सेट हातात आला तरी आपली चॅनेलं १ ते २७ एवढीच. तिकडे ट्रकवाले १९ वर बोलतात आणि ९ नंबर अडचणीच्या वेळेसाठी राखलेला असतो. इकडे तसा रिवाज नाही, तेव्हा ताफ्यातल्या गाड्यांनी निघण्याआधीच आपलं चॅनेल ठरवून घ्यावं. हा २७ चा आकडा लक्षात ठेवा, जुळवणीच्या वेळी तो पुन्हा लागणार आहे.

काठी किती लांब

२७ मेगाहर्ट्झची लाट साधारण ११ मीटर लांबीची. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे पावणेतीन मीटरची सरळ सळई, हा सगळ्यात चांगला अँटेना. पण आरशाच्या उंचीवर पावणेतीन मीटरची सळई लावली तर गावागावात झाडाच्या फांद्या आणि विजेच्या तारा तिच्या वाटेत येतील. म्हणून ट्रकसाठी आखूड काठ्या बनवतात. फायबरच्या काठीवर तार गुंडाळलेली असते आणि ती गुंडाळी लांबीची कसर भरून काढते. १.२ ते १.५ मीटरची काठी आपल्या रस्त्यांना ठीक. यात दोन गोष्टी बघून घ्या. दाट गुंडाळी काठीच्या वरच्या टोकाकडे असावी, आणि टोकाला फिरवून कमी-जास्त करता येणारा स्क्रू असावा. तो स्क्रू नसेल तर जुळवताना कापाकापी करावी लागते, आणि जास्त कापलं गेलं तर ते परत जोडता येत नाही.

काठीच्या बुडाशी स्टीलची स्प्रिंग बसवाच. फांदी लागली तर काठी वाकते, मोडत नाही. स्प्रिंगनं लांबी वाढते, म्हणून ती लावूनच जुळवणी करायची. आधी जुळवून मागाहून स्प्रिंग घातली की सगळी मेहनत वाया.

जागा

केबिनच्या छताच्या वर काठीचा जितका भाग जाईल तितकं चांगलं. निदान वरची दाट गुंडाळी तरी छताच्या वर हवी. त्यासाठी आरशाच्या दांड्याच्या वरच्या टोकाला ब्रॅकेट लावा, मधोमध नको. मागे पत्र्याचा उंच कंटेनर असेल आणि काठी त्याच्या अगदी जवळ उभी राहत असेल, तर तो पत्रा आवाज खातो. शक्य तेवढी काठी पुढे घ्या.

डावी बाजू की उजवी? आपण डावीकडून चालतो, म्हणजे झाडं, दुकानांचे पत्रे, लोंबकळत्या केबली सगळ्या डाव्या अंगाला. मी उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला लावतो. काठी हलली, वाकली, तर ड्रायव्हरच्या लगेच नजरेत येते. परदेशी ट्रकवर दोन काठ्या दिसतात, दोन्ही आरशांवर एकेक. त्या दोघींत साधारण पावणेतीन मीटर अंतर असलं तर जोडीचा उपयोग होतो. आपल्या गाडीची रुंदी त्याहून कमीच. दिसायला रुबाबदार दिसतं, पण खर्च दुप्पट आणि बिघाडाच्या जागाही दुप्पट. एकच लावा, नीट लावा.

काम सुरू करण्याआधी वर बघा. विजेच्या तारांखाली काठी उभी करायची नाही, आणि बसवून झाल्यावर जमिनीपासून टोकापर्यंतची उंची मोजून केबिनमध्ये लिहून ठेवायची.

बॉडी अर्थ

बॉडी अर्थ म्हणजे ब्रॅकेट गाडीच्या लोखंडाशी पक्कं जोडणं. इथे घाई करू नका. दिवस गेला तरी चालेल.

आरशाचा दांडा लोखंडी दिसतो, पण त्यावर पावडर कोटिंग असतं, त्याखाली रबर किंवा प्लास्टिकचं बूड असतं. आरसा दारावर असेल तर दार बिजागरीवर, बिजागरी ग्रीसमध्ये. केबिन स्वतः रबरी माउंटिंगवर. म्हणजे ब्रॅकेटपासून चॅसीपर्यंत वाटेत तीन-चार ठिकाणी लोखंड तुटलेलं. नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही.

करायचं असं. ब्रॅकेट जिथे टेकतं तिथला रंग पॉलिश पेपरनं चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासा. ब्रॅकेट दात असलेल्या वॉशरनं आवळा. मग तांब्याच्या विणलेल्या पट्टीला दोन्ही टोकांना थिंबल (बोल्टखाली आवळायची धातूची कडी) दाबून ती ब्रॅकेटपासून केबिनच्या लोखंडाला जोडा. दारावरचा आरसा असेल तर ही पट्टी बिजागरीच्या बाजूनं, दार पूर्ण उघडलं तरी ताणली जाणार नाही इतकी सैल. दुसरी पट्टी केबिनपासून चॅसीला. आपल्या बहुतेक नव्या गाड्यांची केबिन इंजिनच्या कामासाठी पुढे पाडावी लागते, म्हणून ही पट्टीही सैल ठेवा, नाहीतर पहिल्याच सर्व्हिसिंगला तुटेल. पट्टी जितकी आखूड आणि रुंद तितकी चांगली. साधी बारीक वायर बल्ब पेटवायला पुरते, पण २७ मेगाहर्ट्झला ती लांब वाट वाटते. जोड आवळून झाले की वर व्हॅसलिन किंवा ग्रीसचा हात मारा, घासलेली जागा गंजता कामा नये.

जुन्या गाड्यांची केबिन बॉडीवाल्यानं लाकडी सांगाड्यावर बांधलेली असते. वरून पत्रा चकचकीत, आत सागवान. अशा केबिनला अर्थ देण्यात अर्थ नाही. तिथे ब्रॅकेटपासून रुंद पट्टी थेट चॅसीपर्यंत उतरवा. तरी जमलं नाही तर गाडीच्या लोखंडाची गरज नसलेला अँटेना मिळतो, त्याची स्वतःची केबल त्याच्यासोबतच येते. ती केबल कापायची नाही, आखूड करायची नाही, आणि साध्या अँटेनाला ती लावायची नाही.

बुडाचा नट आणि तो छोटा वॉशर

काठी ज्या स्टडवर बसते, तो स्टड ब्रॅकेटला चिकटता कामा नये. दोघांच्या मध्ये नायलॉनचा खांदा असलेला वॉशर असतो. त्याचा खांदा ब्रॅकेटच्या भोकात नीट बसला पाहिजे. तो उलटा बसला किंवा आवळताना चिरडला, की करंट सरळ गाडीत उतरतो.

पहिल्यांदा मी हे काम केलं तेव्हा तो वॉशर मला फालतू वाटला आणि मी उलटा बसवला. बटण दाबून दाबून बघत राहिलो. सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर जळाला, गाडीमालकाला सेट भरून द्यावा लागला. तेव्हापासून मल्टिमीटर लावल्याशिवाय मी बटणाला हात लावत नाही.

केबल

५० ओहमची आरजी-५८ केबल घ्या. डिशची केबल ७५ ओहमची असते, ती उरलीय म्हणून लावायचा मोह होतो, पण तो टाळा. दारातून नेताना ती दाराच्या पत्र्यात चिमटू देऊ नका, रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे भोकात बसणाऱ्या रबरी कडीतून न्या. जास्तीची केबल असेल तर तिचं घट्ट वेटोळं करून सीटखाली कोंबू नका, मोठ्या सैल वळशात ठेवा. बाहेरच्या बाजूला केबल आत शिरण्याआधी खाली एक झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोक्याच्या तळाशी गळून पडेल, आत येणार नाही. बाहेरच्या कनेक्टरवर रबर टेप, आणि त्यावर साधी टेप.

२४ व्होल्टचा प्रश्न

आपल्या जड गाड्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट होतात. इंजिन चालू असताना २८ च्या आसपास जातात. सीबी सेट बहुतेक १२ व्होल्टचे. सेटच्या मागे दोन्ही व्होल्टेज लिहिलेले नसतील तर थेट जोडू नका, एका क्षणात जातो.

"मिस्त्री, एका बॅटरीवरूनच १२ व्होल्ट घ्या ना, टेप तसाच चालतोय," असं ड्रायव्हर सांगतात. त्यांना नीट समजावून सांगावं लागतं. एकाच बॅटरीवरून घेतलं की ती रोज जास्त उतरते, आणि चार्जिंग मात्र दोन्हींना एकत्र मिळतं. एक उपाशी राहते, दुसरी उकळते. काही महिन्यांत जोडी बदलायला येते. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा. ५ अँपिअरचा सेटला भरपूर होतो. बॅटरीजवळ ५ अँपिअरचा फ्यूज. कन्व्हर्टर अँटेनाच्या केबलपासून दूर ठेवा, स्वस्तातले कन्व्हर्टर सेटमध्ये सतत घरघर आणतात. घरघर येत असेल तर सेट थोडा वेळ बाहेरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवून बघा. घरघर थांबली तर दोष कन्व्हर्टरचा.

बटण दाबण्याआधी मल्टिमीटर

केबल सेटपासून सोडवा आणि सेटकडच्या टोकाला मोजा. कनेक्टरची मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात जोड दिसता कामा नये. दिसला तर तो नायलॉन वॉशर किंवा कनेक्टरमध्ये शिरलेला, केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीचा एखादा तंतू. मधली पिन आणि स्टड यांच्यात जोड दिसलाच पाहिजे. बाहेरची कडी आणि चॅसीचं घासलेलं लोखंड यांच्यातही शून्याच्या जवळ. हे तिसरं मोजमाप लोक विसरतात. लोहचुंबकाच्या बुडाचे काही अँटेने आतून गुंडाळीनं शॉर्ट केलेलेच असतात, त्यांना पहिला नियम लागू नाही. फायबरच्या काठीला लागू आहे.

जुळवणी

एसडब्ल्यूआर मीटर लागतो. सेटमधून अँटेनाकडे गेलेल्या पॉवरपैकी किती परत फिरली, हे तो सांगतो. १ म्हणजे काहीच परतलं नाही. १.५ ला साधारण ४ टक्के परतते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. १.५ च्या आत आलं की समाधान मानावं. २ पर्यंत काम चालतं. ३ च्या वर असेल तर बटण सोडा आणि दोष शोधा.

गाडी मोकळ्या मैदानात न्या. शेड, भिंत, दुसरा ट्रक, विजेचा खांब यांपासून निदान दहा-बारा मीटर लांब. ऊस कारखान्याच्या यार्डात, गाड्यांच्या रांगेत केलेली जुळवणी रस्त्यावर आली की बदलते. दारं बंद, माणूस काठीपासून दूर, मीटर केबिनच्या आत. सेट आणि मीटर यांच्यात छोटी जोडकेबल, मीटरच्या दुसऱ्या बाजूला अँटेनाची केबल. कुणी बोलत असेल तर थांबा, चॅनेल मोकळं झाल्यावरच मोजा. बटण दाबलेलं असताना काठीला हात लावायचा नाही, ४-५ वॅटलाही बोट भाजतं.

चॅनेल १ लावा. मीटर पुढे जाणाऱ्या पॉवरवर ठेवून बटण दाबा, न बोलता काटा शेवटच्या रेघेवर आणा, मग मीटर परतीच्या बाजूला फिरवून आकडा वाचा. पाच-सहा सेकंदांत बटण सोडा. आकडा लिहा. मग हेच चॅनेल १४ वर आणि २७ वर. परदेशी मार्गदर्शकात १, १९ आणि ४० सांगतात, कारण त्यांचा पट्टा तेवढा आहे. आपण १ ते २७ चा मधला, म्हणजे १४ नंबर सगळ्यात कमी यावा असं जुळवायचं. ४० धरून जुळवलेला अँटेना आपल्या कामाच्या पट्ट्यापेक्षा वरच्या बाजूला सरकलेला असतो.

आता आकडे वाचायला शिका. समजा चॅनेल १ वर १.४ आलं, १४ वर १.८ आणि २७ वर २.४. वर जाताना वाढतंय, म्हणजे काठी लांब झालीय. टोकाचा स्क्रू आत फिरवा. उलट, १ वर जास्त आणि २७ वर कमी असेल तर काठी आखूड आहे, स्क्रू बाहेर काढा. एका वेळी एकच फेरा, मग स्क्रू जागेवर धरणारा चेक नट आवळून पुन्हा तिन्ही चॅनेल. आखूड काठीला थोडा फेराही खूप होतो. सळई अख्खी पावणेतीन मीटरची असेल तर एका सेंटीमीटरनं फ्रिक्वेन्सी जवळपास ०.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे साधारण दहा चॅनेल सरकते. यावरून कापताना किती जपायचं ते ओळखा. एका वेळी ५ मिलिमीटरहून जास्त नाही.

तिन्ही चॅनेलवर ३ च्या वर आलं तर स्क्रू फिरवत बसू नका. ती लांबीची चूक नाही. पुन्हा अर्थच्या पट्ट्यांकडे आणि त्या वॉशरकडे जा. तिन्हीकडे सारखंच दोन-सव्वादोन येत असेल, तर लोखंड कमी पडतंय किंवा काठी कंटेनरच्या फार जवळ आहे. एकदा एका गाडीला दोन तास स्क्रू फिरवला, आणि शेवटी दोष निघाला चॅसीच्या पट्टीखाली उरलेल्या काळ्या रंगात. रंग घासल्यावर आकडा २.६ वरून १.४ वर आला, स्क्रूला हातही न लावता.

रस्त्यावर

मीटर काढा, केबल थेट सेटला जोडा आणि मित्राची गाडी घेऊन निघा. हायवेच्या सपाटीला चार-पाच किलोमीटर स्पष्ट बोलता आलं तर जोडणी चांगली. घाटात डोंगर मध्ये आला की तेच एक-दीड किलोमीटरवर येईल, त्यात दोष नाही. खंबाटकीच्या बोगद्यात शिरलेली गाडी ऐकू येणारच नाही, ११ मीटरची लाट बोगद्यात शिरत नाही. म्हणून बोगद्याआधी "आत जातोय" आणि बाहेर आल्यावर "निघालो" असं सांगायची सवय लावा. आवाज एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला कमी जाईल. काठी गाडीच्या ज्या कोपऱ्यात आहे, त्याच्या समोरच्या, जास्त लोखंड असलेल्या दिशेला जोर जास्त. पुढे उजवीकडे लावलेली काठी मागे डावीकडे जास्त बोलते, आणि मागच्या गाडीशी बोलायचं असेल तर ते आपल्या फायद्याचंच.

डिझेल भरताना सेट बंद. वळवाचा गडगडाट सुरू झाला की गाडी उभी करून बोलणं थांबवा, आणि अंगणात बराच काळ उभी राहणार असेल तर केबल सेटपासून सोडवून ठेवा.

पावसाळ्यानंतर

पाटण-कोयनेकडे चार महिने पाऊस गाडीला सोडत नाही. ऑक्टोबरमध्ये ऊसतोड सुरू होण्याआधी जोडणी पुन्हा बघा. थिंबलवर हिरवा थर, ब्रॅकेटखाली गंज, दाराच्या पट्टीचे तुटलेले तंतू, हे हातानं तपासा. मग तिन्ही चॅनेलचे आकडे घेऊन आधी लिहून ठेवलेल्यांशी लावून बघा. आकडे वाढलेले असतील तर दोष अर्थच्या पट्ट्यांत नाहीतर बुडाशी शोधा. पण आकडे अचानक सुधारलेले दिसले, १, १४, २७ तिन्हीकडे सपाट १.१, आणि तरीही मित्राला तुमचा आवाज मंद येतोय, तर आनंद मानू नका. केबलमध्ये पाणी शिरलंय. ओली केबल जाणारी पॉवरही पिते आणि परतणारीही पिते, त्यामुळे मीटरला काहीच परतलेलं दिसत नाही. बाहेरचा कनेक्टर उघडून जाळी बघा. ती काळी पडली असेल तर ती केबल दुरुस्त करत बसू नका, अख्खी बदला.